मारायचं की नाही ते नंतर, आधी मोजलंत का?

मागच्या नोव्हेंबरातला रविवार. इकडे अमेरिकेत सकाळचे पावणेअकरा, म्हणजे तिकडे गावी रात्रीचे सव्वादहा, आणि चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला तर स्क्रीनवर नुसता अंधार. गडी मचाणावर बसलेला, डोक्याला टॉर्च बांधून, कारण हरभरा नुकताच वर आलाय आणि रोज रात्री जागल. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोर हा देशातल्या सगळ्यात छोट्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, 138 चौरस किलोमीटर, 2014 साली झाला. वाघ तिथे आहेत, पण भावाला झोपू देत नाहीत ते वाघ नव्हे, रोही आणि डुकरं. रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे नीलगाय कुणी म्हणत नाही, गाय म्हटलं की अर्धा वाद तिथेच सुरू होतो.

तर तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडं बरं आहे. लायसन घ्या न हाणा. आमच्याकडं डुकरानं अख्खं वावर उखरून टाकलं तरी आम्हीच चोर." त्याने म्हणे यूट्यूबवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा व्हिडिओ पाहिला होता, केशरी जाकीटवाले. तोच व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या धाकट्या बहिणीने, जी पुण्यात राहते आणि रस्त्यावरची चार कुत्री सांभाळते, त्यावर उत्तर दिलं की अमेरिकेचं कौतुक नको, ते लोक मजा म्हणून मारतात, आपल्याकडे निदान कायदा तरी आहे. मग दोघांनीही मला टॅग केलं. मी "तिकडे" राहते ना, म्हणजे मला माहीत असणार आणि मी त्यांच्याच बाजूने बोलणार, अशी दोघांचीही खात्री.

आता मी राहते विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला एका छोट्या गावात, चौदा वर्षं झाली. पहिली तीन-चार वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी मी घराबाहेरच पडायचे नाही, कारण त्या दिवशी बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो आणि पहाटेपासून लांबून दणादण आवाज येतात, आपल्याला लहानपणापासून बंदूक म्हणजे पोलीस नाहीतर सिनेमा. ऑफिसात निम्मे लोक सुट्टीवर, शाळेतली मुलंसुद्धा गायब. केशरी कपडे सक्तीचे, आणि 2016 पासून भडक गुलाबीही चालतात, का तर बायकांना शिकारीकडे ओढायला! माझ्या ओळखीच्या एकाही शिकारी बाईने गुलाबी घातलेला मी पाहिला नाही.

माझी आणि हरणाची पहिली खरी गाठ पडली ती रस्त्यावर. नोव्हेंबर म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ, नर मादीच्या मागे आंधळे होऊन पळतात, आणि साडेचारला अंधार पडतो. मी ऑफिसातून येत होते, डावीकडून एक मादी रस्ता ओलांडून गेली, मी ब्रेक दाबला, हुश्श केलं, आणि तिच्यामागचा नर सरळ बॉनेटवर. हेडलाइट फुटला, हरीण रस्त्याकडेला पडलं ते उठलंच नाही, मी गाडीत थरथरत बसलेले. पाच मिनिटांत एक पिकअप थांबला, त्यातला माणूस आला, मला लागलं नाही ना ते विचारलं, आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "तू घेणार आहेस का?" मला वाटलं गाडीचं विचारतोय. तो हरणाचं विचारत होता. गाडीने मेलेल्या हरणावर पहिला हक्क ठोकणाऱ्याचा, त्याला नको असेल तर दुसरा कुणी नेऊ शकतो, पण उचलायच्या आधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला कळवायचं. त्या माणसाने तिथेच मोबाइलवर नोंद केली, कुठे, किती वाजता, नर की मादी, आणि मग दोरीने ओढून मागे टाकलं. इन्शुरन्सवाल्यांनी पुढे महिनाभर घोळ घातला ती गोष्ट वेगळी.

मला त्या दिवशी धक्का बसला तो अपघाताचा कमी आणि त्या नोंदीचा जास्त. मेलेलं हरीणसुद्धा हिशोबात घेतात?

घेतात. हे खातं, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, हरणांचा हिशोब आपल्याकडच्या एखाद्या चोख पतसंस्थेसारखा ठेवतं, आणि सभासद पण तसेच, दरवर्षी सर्वसाधारण सभेत भांडणारे. राज्यात माणसं 59 लाख आणि हरणं शिकारीच्या आधी साधारण 16 ते 18 लाख, म्हणजे तीन-साडेतीन माणसांमागे एक हरीण. जंगलात फिरून एकेक हरीण कुणी मोजत नाही, तसं मोजताही येत नाही. मग आकडा येतो कुठून, हे मला बरेच दिवस कोडं होतं, ते सुटलं शेजारच्या आजोबांमुळे.

हे आजोबा आधी गाई पाळायचे, आता गुडघे गेले, पण सीझन चुकवत नाहीत. हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर नाहीतर वेबसाइटवर नोंद करायची, ही पद्धत 2015 पासून. त्याआधी हरीण प्रत्यक्ष नोंदणी केंद्रावर न्यावं लागायचं, म्हणजे पेट्रोल पंप, किराणा दुकान नाहीतर सरळ बार, तिथे पत्र्याचा बिल्ला लावून मिळायचा आणि कुणाचं किती मोठं यावर बिअर व्हायची. आजोबा अजून त्याबद्दल हळहळतात. ऑनलाइन झाल्यावर खात्याचा एक तोटा झाला, तो म्हणजे हरीण डोळ्यांनी बघायला मिळेना, त्यामुळे आता त्यांचे लोक खाटिकखान्यांत आणि तपासणी केंद्रांवर उभे राहतात. मी आजोबांची ड्रायव्हर म्हणून अशा एका ठिकाणी गेले होते. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली वाटावी अशी एक मुलगी, कोपरापर्यंत ग्लोव्हज, हरणाचा जबडा एका लोखंडी आकड्याने उघडून टॉर्चने आत बघतेय, आणि दोन सेकंदांत म्हणाली, दीड वर्ष. मी विचारलं कसं कळलं. तिने मला जवळ बोलावलं. खालच्या जबड्यातली तिसरी दाढ दाखवली, तिला तीन उंचवटे होते, म्हणजे ती दुधाची, अजून पडलेली नाही. तीच पडून दोन उंचवट्यांची पक्की दाढ आली की जनावर अडीचच्या घरात.

मी हसले, तिला कळेना का. माझे आजोबा आर्वीच्या बैलबाजारात बैलाचा ओठ वर करून असंच बघायचे, आदत, दोनदाती, चारदाती, जुळला. त्यांचं सगळं आयुष्य त्या दातांवर चाललं. इथे सोळा-अठरा लाख हरणांचा अंदाज त्याच दातांवर चालतो.

हिशोब ढोबळमानाने असा. किती नर मारले गेले हा आकडा नोंदणीमुळे बऱ्यापैकी पक्का. त्या नरांत दीड वर्षाचे किती टक्के हे दातांवरून कळतं. मारलेल्यांत कोवळेच जास्त असतील तर त्याचा अर्थ दरवर्षी बरेचसे नर उडतात आणि म्हातारे व्हायला कुणी उरत नाही, म्हणजे शिकारीचा दाब मोठा, म्हणजे मारलेल्या आकड्यावरून मुळात नर किती होते ते मागे जाऊन काढता येतं. मग नरामागे माद्या किती, मग मादीमागे पाडसं किती. पाडसांचा आकडा ऑगस्ट-सप्टेंबरात लोकच कळवतात, फिरताना दिसली की टाका, आणि भर म्हणून गेली काही वर्षं लोकांच्याच जमिनीवर लावलेले ट्रॅप कॅमेरे. त्यातले फोटो ऑनलाइन बघून कुणीही प्राणी ओळखून देऊ शकतं, मी स्वतः लॉकडाउनमध्ये झोप येईना तेव्हा शेकडो फोटो बघितलेत, त्यातले निम्मे वाऱ्याने हललेल्या गवताचे. या सगळ्या पद्धतीला लिंग, वय आणि शिकार या तीन शब्दांचं नाव आहे, मूळ मिशिगनचं, साठेक वर्षं जुनं.

हिवाळ्याचा पण हिशोब ठेवतात, तो मला सगळ्यात आवडतो. 1 डिसेंबर ते 30 एप्रिल, ज्या दिवशी बर्फ 18 इंच किंवा जास्त त्या दिवशी एक गुण, ज्या दिवशी पारा शून्य फॅरनहाइट म्हणजे आपल्या उणे अठराच्या खाली त्या दिवशी अजून एक. बेरीज पन्नासच्या आत तर हिवाळा सौम्य, ऐंशीच्या वर गेली की कडक. कडक हिवाळ्यानंतर उत्तरेकडे पाडसं कमी, मग पुढच्या सीझनला माद्या मारायचे परवाने कमी. इतकं साधं की चौथीतल्या पोराने वहीत ठेवावं.

आणि मग येते ती खरी गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. हा आकडा साहेबाच्या फाइलीत जाऊन झोपत नाही. 2014 पासून प्रत्येक काउंटीत, काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, एक सल्लागार समिती असते, तिच्यात शेतीवाला, जंगलवाला, पर्यटनवाला, रस्ते-वाहतुकीचा, शहराचा आणि शिकाऱ्यांचे प्रतिनिधी. त्यांनी ठरवायचं की आपल्याकडची हरणं येत्या काही वर्षांत वाढवायची, आहे तेवढी ठेवायची की कमी करायची, आणि त्यावरून यंदा किती माद्या मारायला परवानगी द्यायची याची शिफारस करायची. अंतिम निर्णय वर होतो, पण सभा उघडी, कुणीही जाऊन बसावं.

मी एकदा बसले. एप्रिलचा महिना, बाहेर चिखल, लोक जेमतेम वीस, कॉफी जळकी. खात्याची जीवशास्त्रज्ञ बाई पडद्यावर आलेख दाखवतेय आणि दर दोन वाक्यांनी म्हणतेय की हा अंदाज आहे, याच्यात इतकं इकडे-तिकडे होऊ शकतं. सफरचंदाची बाग असलेला एकजण उठून म्हणाला की तुमच्या आलेखात हरणं स्थिर आहेत, मग माझ्या कलमांचे शेंडे कोण खातं. त्याच्या मागच्या रांगेतला म्हणाला की मी पाच दिवस झाडावर बसलो, एक मादी दिसली नाही, तुमच्या बागेत राहत असतील सगळ्या. हशा. मग दोन तास घासाघीस. ज्या दोघांचं सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते पार्किंगमध्ये एकाच गाडीतून आलेले निघाले.

आता कुणाला वाटेल की वा, काय आदर्श व्यवस्था. थांबा जरा. शेजारचे आजोबा, ज्यांनी स्वतः हातांनी जबडा उघडून दिला, त्यांचं ठाम मत आहे की डीएनआरला काही कळत नाही. शब्दशः हेच. माझा भाऊ जसं म्हणतो, फॉरेस्टवाल्यांना काय कळतं, तसंच. आणि हे आजचं नाही. 1943 साली इथे माद्या मारायला परवानगी दिली कारण उत्तरेच्या जंगलात हरणं इतकी वाढली होती की खायला उरलं नव्हतं, हिवाळ्यात उपाशी मरायची, तर त्या सीझनला 1,28,000 हरणं पडली आणि राज्यभर बोंब झाली. त्या वादात आल्डो लिओपोल्ड होते, मॅडिसनच्या विद्यापीठातले प्राध्यापक, वन्यजीव व्यवस्थापन या विषयाचे जवळजवळ जनकच, ते तेव्हा राज्याच्या आयोगावर होते आणि माद्या कमी करा म्हणून सांगत होते. त्यांच्याविरुद्ध लोकांनी चक्क वेगळं वर्तमानपत्र काढलं. आज त्याच माणसाच्या नावाने शाळा आहेत.

आणि खातं चुकलंय पण, मोठं चुकलंय. 2001 च्या सीझनमध्ये मारलेल्या तीन नरांत, माझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, माउंट होरेबजवळ, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला, फेब्रुवारी 2002 मध्ये जाहीर केलं. मेंदूचा रोग, औषध नाही, लस नाही, जनावर झिजत झिजत मरतं, रोगाचा अंश मातीत वर्षानुवर्षं राहतो. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो पहिल्यांदाच सापडत होता, त्यामुळे खात्याने ठरवलं की या पट्ट्यातली हरणंच जवळजवळ संपवायची. सीझन लांबवले, स्वतःचे नेमबाज आणले, आणि आधी मादी मारा मगच नर मारता येईल असा नियम लावला. जमिनी सगळ्या खाजगी, मालकांनी फाटकं बंद केली. ज्या शेतकऱ्याने पन्नास वर्षं हरणं सांभाळली त्याला तुम्ही सांगता सगळी मार, तो ऐकणार? काही वर्षांत राजकारण फिरलं, मादी-आधीचा नियम 2011 मध्ये गेला, बाहेरून एक तज्ज्ञ आणला ज्याला सगळे डिअर झार, म्हणजे हरणांचा सर्वेसर्वा, म्हणायचे, त्याने 2012 मध्ये सांगितलं की लोकांना बरोबर घ्या, मारामारी कमी करा. त्या समित्या त्यातूनच आल्या. लोक खूश झाले, रोग मात्र पसरत राहिला. आज नैऋत्येच्या काही भागात मोठ्या नरांपैकी तिघांत एक किंवा त्याहून जास्त बाधित निघतो. म्हणजे आकडा होता, शास्त्र होतं, पैसा होता, आणि लोकांचा विश्वास नव्हता तेव्हा काही चाललं नाही, आणि लोकांना बरोबर घेतलं तेव्हा रोगाला कुणी अडवलं नाही. याचं उत्तर इथेही कुणाकडे नाही. हजारेक हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून अभ्यास केला, त्यातून एवढं नक्की झालं की बाधित हरणं लवकर मरतात आणि रोग फार वाढला की कळप घटू लागतो.

त्यामुळे आता मारलेल्या हरणाचं डोकं, मानेच्या चार-पाच इंचांसकट, एका पत्र्याच्या पेटीत टाकून यायचं. गावातल्या दुकानाबाहेर, बर्फाच्या मशीनशेजारी ही पेटी असते. चिठ्ठी भरायची, कुठे मारलं, नंबर काय, काळ्या पिशवीत डोकं घालून गाठ मारायची. घशातल्या गाठींची तपासणी मॅडिसनच्या लॅबमध्ये होते, फुकट, निकाल यायला दोनेक आठवडे. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका असा सल्ला. आजोबा मला दरवर्षी पुठ्ठ्यासारख्या कागदात गुंडाळून दोन किलो देतात, वर मार्करने परवान्याचा नंबर लिहितात आणि बजावतात, निकाल येईस्तोवर हात लावायचा नाही. मी सावजी मसाला आधीच भाजून ठेवते. दोन वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह आलं, सगळं कचऱ्यात, मसाला पिठल्याला वापरला.

लांडग्यांचं सांगते आणि मग घरी येते. उत्तरेतल्या शिकाऱ्यांना हरणं कमी दिसली की दोष लांडग्यांवर. फेब्रुवारी 2021 मध्ये कोर्टाच्या आदेशामुळे घाईघाईत लांडग्यांची शिकार उघडली, परवानेवाल्यांचा कोटा 119, तीन दिवसांच्या आत 218 मारले गेले. म्हणजे शिस्त, परवाने, नोंदणी, ऑनलाइन अकाउंट, सगळं असून. लायसन द्या न हाणा, असं म्हणणाऱ्या माझ्या भावाने हे लक्षात ठेवावं.

दुसरं म्हणजे पैसा. इथे बंदुका आणि गोळ्यांवर 1937 पासून केंद्राचा कर आहे, मोठ्या बंदुकांवर 11 टक्के, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो, वर परवान्यांचे पैसे. माझ्या शेजाऱ्याचा बंदुकीचा हरीण परवाना 24 डॉलरचा. शेतीचं नुकसान झालं तर भरपाई मिळते तीसुद्धा परवान्यांवरच्या अधिभारातून, आणि ती हवी असेल तर शेतकऱ्याने जमीन शिकाऱ्यांना उघडी ठेवायची, फाटक बंद करून भरपाई मागता येत नाही. हे मला पटतं. पण त्याच वेळी याचा अर्थ असा की खात्याचं पोट शिकाऱ्यांवर, आणि शिकाऱ्याला हरणं भरपूर हवीत. इथल्या जंगलात फिरलात तर काही ठिकाणी कोवळं झाड दिसत नाही, सगळं खाल्लेलं. गिऱ्हाईक खूश ठेवायचं म्हणून दुकान भरलेलं ठेवायचं, असा प्रकार. त्यात शिकारी म्हातारे होत चाललेत, 2000 च्या सुमाराला बंदुकीचे परवाने सात लाखांच्या जवळ होते, आता साडेपाच लाखांच्या आसपास. उद्या हे लोक गेले की मोजणारीला पगार कोण देणार, हा प्रश्न इथे रोज चर्चेत आहे.

आता आपल्याकडचं. बहिणीला वाटतं कायदा मारूच देत नाही, ते खरं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यातच कलम 11 आहे, उभ्या पिकाचं नुकसान करणारा अनुसूची 2 मधला प्राणी मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो, रोही, डुक्कर त्यात येतात. भावाला वाटतं परवानगी मिळाली की प्रश्न सुटला, तेही खरं नाही. त्याच्याकडे बंदूक नाही, गावात कुणाकडे नाही, परवानगी कागदावर राहते. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने बिहारसाठी रोही आणि डुक्कर काही काळ उपद्रवी जाहीर केले, जून 2016 मध्ये तिथल्या मोकामाच्या टालात, म्हणजे सखल शेतजमिनीत, बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले, आणि दिल्लीत एकाच मंत्रिमंडळातले दोघे, पर्यावरणमंत्री आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, उघड भांडले. आठवडाभर टीव्हीवर नुसतं मारा आणि वाचवा. मारल्यावर रोही किती उरले, पुढच्या वर्षी पीक किती वाचलं, हे विचारायला कुणी थांबलं का? केरळमध्ये 2022 पासून पंचायतींना रानडुक्कर मारायचा अधिकार दिलाय, पण मारलेलं पुरायचं, खायचं नाही. इथल्या आजोबांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. इथे तर ज्याला नको असेल तो मारलेलं हरीण गरिबांच्या अन्नछत्राला देतो.

वाघ आपण मोजतो, आणि उत्तम मोजतो. दर चार वर्षांनी, कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक ओळखून, 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444. एकेकाळी आपण पायाच्या ठशांवरून मोजायचो, राजस्थानातल्या सरिस्काचे वाघ संपले तरी कागदावर होते, तेव्हा लाज वाटून पद्धत बदलली. म्हणजे जमतं आपल्याला. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर बसणारे हौशी लोक आहेत, मी स्वतः लग्नाआधी एकदा बसलेय, अकरा तासांत चितळ, एक अस्वल आणि साडेतीनशे डास. पण व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेर, वावरात, तालुक्यात रोही किती, डुकरं किती, गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, हा आकडा दरवर्षी तालुक्याच्या नोटीस बोर्डावर लागतो का? भाऊ म्हणतो दहापट झाली, बहीण म्हणते जंगल कापलं म्हणून बाहेर आली, दोघंही बरोबर असतील, दोघंही चूक असतील, भांडण मात्र आकड्याशिवाय. आणि डिसेंबर 2020 मध्ये कोथरूडच्या सोसायटीत गवा शिरला तेव्हा शेकडो लोकांनी मोबाइल काढून त्याला पळवून पळवून मारला, त्या गर्दीत प्राणीप्रेमी कमी नसतील.

शिवाय आमच्या इकडचं गणित इथल्यापेक्षा अवघड आहे. विस्कॉन्सिनच्या दक्षिणेत हरणाला खाणारं मोठं जनावर जवळजवळ उरलेलं नाही, माणूस हाच वाघ. बोरच्या आसपास खरा वाघ आहे आणि तो हेच रोही, हीच डुकरं खातो. ती सरसकट उडवली तर वाघ काय खाणार, भावाची गोऱ्हीच ना. आणि चोरून सोडलेल्या करंटच्या तारा, त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी शेजारच्या वावरातला माणूस मरतो. झटका मशीन, म्हणजे नुसता हलका झटका देणारं कुंपण, त्यापेक्षा बरी, पण भाऊ म्हणतो एका रोह्याने उडी मारायला शिकलं की बाकीचे त्याचं बघून शिकतात.

एक गोष्ट मात्र इथली बघून मला घरची लाज वाटली. राज्याच्या उत्तर भागात ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांचे शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क आहेत, 1837 आणि 1842 च्या करारांतले, गोऱ्यांनी ते शंभर वर्षं गुंडाळून ठेवले, 1983 मध्ये कोर्टाने मान्य केले, त्यावर दंगे झाले, बोटींच्या धक्क्यांवर मासे मारायला आलेल्या ओजिब्वेंना दगड मारले, पण आज त्यांचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत आणि कोट्यात त्यांचा वाटा धरला जातो. आमच्या तालुक्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत. तितर, रोही, डुक्कर कुठून येतं, कुठे पाणी पितं, कोणत्या महिन्यात पिल्लं घालतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, आपण 1972 मध्ये शिकार बंद केली आणि दुसरं काही हातात दिलं नाही. मोजणीला माणसं मिळत नाहीत असं कुणी म्हटलं की मला तो बेडा आठवतो.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं, अर्थात इतकं नाही. तो म्हणाला, "म्हंजे मारू नको म्हणतेस." मी म्हटलं तसं नाही म्हणत, तुझ्या पिकाचं नुकसान खरं आहे, पण तुझ्या गावात किती रोही आहेत ते तू आधी सांग. म्हणाला, "लय." मी म्हटलं लय म्हणजे किती, रोज रात्री बसतोसच तर लिहून ठेव, मला पाठव. म्हणाला, "पगार कोण देते?" आणि हसत फोन ठेवला.

पण पाठवलं. मंगळवार, रोही 9, त्यात पिल्लं 2. बुधवार, डुकरं, मोजता आली तेवढी 14. गुरुवार, झोप लागली. शुक्रवार, रोही 11, एक लंगडा. शनिवारी कापूस वेचायला बाया मिळाल्या, तेव्हापासून मेसेज नाही.